नळाच्या तोंडातलं सूत

१

मंगळवारी सकाळी चिंचपाणंदीचा नळ तिसऱ्यांदा वाहताना सापडला. नळ पिळून घट्ट बंद केलेला, तरी तोंडातून करंगळीएवढी धार चालूच. कट्ट्याभोवती चिखल झालेला, चिखलात डुकरं लोळत होती, आणि पलीकडच्या पेठेत बायका रिकाम्या घागरी घेऊन पाणीखात्याच्या नावानं बोटं मोडत होत्या.

चिंचपाणंद म्हणजे कोल्हापुरातून कागलच्या वाटेला लागलं की शहर जिथं संपतं तिथली चाळीस-पंचेचाळीस खोपटांची वस्ती. निम्मी घरं चपला शिवणारी, उरलेली मिळेल ती मजुरी करणारी. बावन्न सालच्या पाडव्यापर्यंत ही माणसं ओढ्याकाठच्या पडक्या विहिरीचं हिरवट पाणी फडक्यानं गाळून पीत होती. पाडव्याला नळ आला. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, म्हाताऱ्यांनी पहिली ओंजळ डोळ्यांना लावली. आणि महिना उलटला तोच हे दुखणं सुरू झालं.

इंजिनिअरसाहेबांनी ओव्हरसियर यज्ञेश्वरपंतांना बोलावून घेतलं. पंत पन्नाशी ओलांडलेले, एकटे, काटेकोर गृहस्थ. खात्यात त्यांना सगळे मागून 'शेरेवाले' म्हणत, कारण आलेल्या कागदावर लाल शाईनं काहीतरी शेरा मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. पंतांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"पंधरा दिवसांत तीनदा," साहेब म्हणाले. "कोण करतंय त्याचं नाव शनिवारी माझ्या टेबलावर हवं. नाही मिळालं तर चिंचपाणंदीची जोडणी तोडायची. ज्यांना नळ सांभाळता येत नाही त्यांनी विहिरीवर जावं."

विहिरीवर जावं, हे दोन शब्द बोलायला साहेबांना श्वासही घ्यावा लागला नाही. गेल्या ज्येष्ठात पटकीच्या साथीत त्याच विहिरीनं वस्तीतली नऊ माणसं नेली होती.

पंत बाहेर आले तर दाराशी फिटर आकाराम उभा. त्यानं खिशातून नळातली जुनी वायसर काढून पंतांच्या तळहातावर ठेवली. चामड्याची गोल चकती, ढब्बू पैशाएवढी. कडेपासून मध्यापर्यंत तिला एक चीर होती आणि चिरेचं टोक पुढं फाटत गेलेलं होतं.

"झिजलीय," पंत म्हणाले.

"झिजली न्हाय सायेब, कापलीया. तिन्ही खेपंला अशीच. चीर बारीक हुती, पण चामडं भिजलं की दोन-चार दिसात फाटतंय आन् मग धार सुटती. आन् ह्ये बघा." त्यानं कोऱ्या पांढऱ्या सुताचा वीतभर तुकडा पुढं केला. "ह्ये नळात हुतं."

"मग त्यात काय? पाइपाच्या आट्यांना सूत तुम्हीच गुंडाळता."

"आट्यांना व्हय. ह्ये तोंडातनं खाली लोंबत हुतं."

२

त्याच दुपारी पंत वस्तीत गेले. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. ओढा कोरडा, बांध कोरडे, बाभळीखाली तेवढा हातभर हरळीचा तुकडा हिरवागार दिसला. पंतांची नजर त्यावरून गेली आणि नळाच्या कट्ट्यावर येऊन थांबली.

कट्टा लख्ख झाडलेला होता. झाडणारी बाई अजून तिथंच होती. बनाबाई, पिराजी चपलावाल्याची बायको, तिशीची, अंगानं वाळलेली. सकाळी सगळ्यांच्या आधी नळावर तीच यायची आणि सांजेला सगळ्यांच्या मागून नळ पिळून तीच जायची. बायका थट्टेनं तिला नळाची सासू म्हणत.

"ऊन लई हाय सायेब. पाणी देऊ का?"

पंतांच्या घशाला कोरड पडली होती. पण जिभेवर सवयीनं दुसरंच आलं. "नको. घरून पिऊन निघालोय."

बनाबाईनं भरलेला तांब्या तसाच कट्ट्यावर ठेवला. घरून पिऊन निघालेले पुष्कळ साहेब तिनं पाहिले होते.

पिराजी आपल्या खोपटाच्या सावलीत रापीनं तळ कापत बसला होता. नळ उघडायचा पाना त्याच्याच खुंटीला टांगलेला, कारण दर वेळी शहरातून धावत येऊन कंटाळलेल्या आकारामनं तो तिथं ठेवला होता. पंतांनी पान्याकडं पाहिलं, चामड्याकडं पाहिलं, रापीकडं पाहिलं.

"माझ्यावर वहीम हाय व्हय?" पिराजीनं मान वर न करता विचारलं.

"पाना तुझ्या घरात, चामडं तुझं, हत्यार तुझं. मी कुणाकडं जाऊ?"

"तीन डाव नवी वायसर म्याच कापून घातली. वस्तीचं काम म्हणून. मलाच नळ मोडायचा आसंल तर मी तो नीट कशापायी करू?" मग त्यानं रापी खाली ठेवली. "माझं पोरगं त्या हिरीच्या पाण्यानं गेलं, सायेब. ज्ञानू. तीन वर्सांचा हुता. गेल्या जेठात, पटकीत. मी नळाला हात लावीन?"

नळावरून परतून आत काहीतरी आवरत असलेल्या बनाबाईच्या हातातलं भांडं वाजलं.

अशा वेळी जे सगळे करतात तेच पंतांनी केलं, घसा खाकरला आणि पुढच्या घराकडं वळले.

३

पुढचं घर केरबाचं. केरबा पखालजी. रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून त्यानं पंधरा वर्षं घरोघर पाणी घातलं होतं. नळ आला आणि केरबाचं काम सुटलं. पखाल आता दाराशी उलटी पडली होती आणि तिच्यावर कोंबडी बसली होती. चामडं शिवायला, कापायला येणारा हा दुसरा माणूस, आणि नळावर राग असायला याच्याइतकं कारण कुणाला नव्हतं.

"बसा पावणं," केरबा म्हणाला. त्याला कमी दिसत असे. पंतांनी आपण कोण ते सांगितलं, तरी त्यानं पावणं काही सोडलं नाही.

"नळ आल्यावर तुझं नुकसान झालं म्हणतात."

"झालं की. रेडा इकला. पर पावणं, मला ह्यो नळ मोडायचा आसता तर त्यो धोंडा दिसतोय न्हवं? एक घातला की नळाची मान मोडली. चामड्याला टाचणीएवढी चीर पाडत कशाला बसू? त्ये मोडायचं काम न्हाय. त्ये कुणीतरी जपून क्येलंय."

पंत उठले होते, ते पुन्हा बसले.

केरबा जरा वेळानं म्हणाला, "आन् खरं सांगू? पटकीच्या साली त्या हिरीचं पाणी ह्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांला म्याच घातलंय. माझ्या हातानं. रेडा ऱ्हायला आसता तरी मला पखाल उचलली नसती."

राहता राहिले दत्तोपंत. पेठेच्या टोकाला बंगला, पुढं गुलाबाची बाग, वकिलीत नाव. चिंचपाणंदीचा नळ वाहिला की पहिलं पाणी त्यांचं जायचं आणि पहिला तक्रारअर्ज त्यांचाच यायचा. वस्तीला नळ मिळू नये म्हणून गेल्या सालीही त्यांनीच हरकत घेतली होती, पाइप आपल्या हद्दीतून जातो म्हणून.

"तुम्ही माझ्याकडं संशयानं आलात, यज्ञेश्वरपंत?" दत्तोपंत हसले. चहा आला. हा चहा पंतांनी घेतला. "मी हरकत कागदावर घेतो, पान्यानं घेत नाही. आणि पान्याची गरज काय? मागच्या खेपेला तुम्ही फायलीवर एक शेरा मारलात, 'हद्द मोजून पुन्हा सादर करावे', तेवढ्यानं अकरा महिने निघाले. मोजणीत निघालं काय, तर पाइप माझ्या हद्दीत नव्हताच. तो भाग निराळा."

पंतांनी घाईनं कप खाली ठेवला. चहा जरा बशीत सांडला.

दत्तोपंतांचं म्हणणं मात्र खरं होतं. नळ वाहिला की त्यांच्याच गुलाबांचं पाणी तुटत होतं, आणि वायसर काढून कापण्याइतका वेळ त्या कट्ट्यावर बसलेला वकील वस्तीच्या नजरेतून सुटला नसता. पण त्या रात्री पंतांना झोप लागली नाही ती या विचारानं नव्हे. अकरा महिने हा आकडा त्यांच्या डोक्यात कुठंतरी रुतून बसला होता, आणि तो का रुततोय हे बघायची त्यांना हिंमत होत नव्हती.

४

गुरुवारी पंत पुन्हा वस्तीत आले आणि पिराजीच्या दारात घोंगड्यावर बसून राहिले. पिराजी बाजारात गेला होता. बनाबाई उंबऱ्याशी बसून चपलेचा पट्टा करत होती. तळ कापायचे पुरुषांनी आणि पट्ट्याची वेणी घालायची बायकांनी, अशी त्या घरांतली कामाची वाटणी. पट्ट्याला ती एका अरुंद, तिरप्या पात्याच्या हत्यारानं चिरा पाडत होती. एक चीर, तिच्यातून चामड्याची बारीक दोरी, पुन्हा चीर. सगळ्या चिरा एका मापाच्या, जरा तिरप्या.

पंतांनी खिशातली वायसर काढून गुडघ्यावर ठेवली. फाटलेलं टोक सोडून कडेकडची चीर तेवढी पाहिली. मग पट्ट्याकडं पाहिलं. माप तेच होतं, तिरपेपणाही तोच.

त्यांनी वायसर मुठीत झाकली आणि गुन्हेगार सापडल्यावर माणसाला जो आनंद व्हायचा असतो त्याची वाट पाहिली. तो आला नाही. कारण 'कोण' कळलं होतं आणि 'का' काही केल्या जुळत नव्हतं. जी बाई कट्टा दिवसातून दोनदा झाडते, जिचं मूल घाणेरड्या पाण्यानं गेलं, ती चांगल्या पाण्याचा नळ का बिघडवील?

केरबाचं बोलणं त्यांना आठवलं. मोडायचं काम नाही, कुणीतरी जपून केलंय. बारीक चीर पाडली तर बंद नळातून काय होईल? थेंब पडेल. एकामागून एक, नुसता थेंब. धार सुटली ती चामडं फाटल्यामुळं, म्हणजे करणाऱ्याच्या हिशेबाबाहेर. तिला थेंबच हवा होता. आणि तोंडातून सूत लोंबत सोडलं की थेंब सुतावरून ओघळत नेमक्या जागी जातो.

पंत उठून कट्ट्यापाशी गेले. मागच्या कोपऱ्यात दोन दगडांमधला सांधा कुणीतरी कोरून मोकळा केला होता. तिथून मातीत बोटभर रुंदीची चर निघाली होती. वरून फुटक्या कौलांचे तुकडे पालथे घालून ती झाकली होती आणि त्यावर पाला पसरला होता. पंत ओणवे होऊन एकेक कौल उचलत चालू लागले. चर बाभळीखाली जाऊन संपली, हातभर हिरव्या हरळीच्या मधोमध. तिथं एक गुळगुळीत गुंडा, गोल दगड, ठेवला होता.

एवढंसं मूल गेलं की त्याला जाळत नाहीत, पुरतात, हे पंतांना ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. सहा वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली तेव्हा त्यांनी स्वतःच पिंपळाला मडकं टांगलं होतं. मडक्याच्या तळाला भोक, भोकात कोऱ्या सुताची वात, आणि दहा दिवस थेंब थेंब पाणी. गेलेल्या जिवाची तहान भागावी म्हणून.

नळ पहिल्यांदा कधी वाहिला होता, ते आकारामच्या नोंदीत होतं. अक्षयतृतीयेनंतर तीन दिवसांनी. म्हणजे चीर पडली अक्षयतृतीयेला. घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर देतात त्या दिवशी.

५

"बनाबाई," पंत परत येऊन म्हणाले, "ते सूत मी पाहिलं. बाभळीखालची जागाही पाहिली."

तिनं पट्टा खाली ठेवला. नाकबूल केलं नाही, रडलीही नाही. फक्त पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"वस्तीचं पाणी तुटंल का वो माझ्यापायी?"

"का केलंस एवढं सांग."

ती बोलली ती बाभळीकडं बघत.

"पटकी आली तवा सुई टोचायला डागतर आलतं. ज्ञानूला बघून म्हनलं, ह्याला हिरीचं पाणी घोटभर बी पाजू नगंस, त्यात इख हाय. नळाचं पाज. आता नळ कुटं हुता? पायपा हुत्या की, माघापासनं वाटंच्या कडंला पडलेल्या. पोरं त्यात खेळायची. ज्ञानू पायपात त्वांड घालून वरडायचा, पाणी आलं का, म्हणून. ऊन उतरल्यावर मी पेठंत गेलते घागर घिऊन. पटकीच्या वस्तीतली म्हणून कुणी दारात उभं केलं न्हाय." ती थांबली. "मग म्या न्हायच पाजलं. डागतरांनी सांगितलेलं ऐकलं. रातभर पाणी-पाणी करत हुता, सायेब. कळशीकडं हात करायचा. मी कळशी भायेर नेऊन ठिवली, त्याला दिसू नये म्हणून. सकाळच्याला ऱ्हायला."

पंतांनी खिशातली वायसर काढून उंबऱ्यावर ठेवली.

"ल्हान प्वॉर म्हणून दहावं न्हाय, मडकं न्हाय, काय न्हाय. तशी रीतच न्हाय म्हणत्यात. मग अक्षयतृतीयेला सगळ्यांनी घागरी दिल्या आन् माझ्या मनात आलं, त्यो नळाचं पाणी मागत हुता, त्याला नळाचंच जावं. मडकं टांगलं तर लोक म्हणतील रीत मोडली, बाधा हुईल. म्हणून नळालाच चीर पाडली. कारभाऱ्यास्नी बी ठावं न्हाय. थेंबच जाईल म्हनलं. धार सुटंल, पेठंचं पाणी जाईल, ह्ये मला न्हाय कळलं. दोन डाव झालं तवा सोडणार हुते. पर सांज झाली की वाटायचं, त्यो तिकडं हात करून बसला आसंल."

माघापासून वाटेच्या कडेला पडलेले पाइप. पंतांच्या डोक्यात रुतलेला आकडा आता आपसूक सुटला. माघात पाइप आले, फाल्गुनात त्यांनी लाल शाईनं शेरा मारला, ज्येष्ठात पटकी आली. शेरा नसता तर चैत्रात नळ आला असता, आणि ज्येष्ठात ज्ञानूच्या उशाशी नळाचं पाणी असतं. सगळा तपास त्यांनी बरोबर केला होता, दोरा धरून धरून शेवटपर्यंत आले होते, आणि तिथं त्यांचंच टेबल होतं.

"शनिवारी काय ते होईल," एवढंच ते म्हणाले.

६

शनिवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर अहवाल होता. काळ्या शाईत, पंतांच्या मोत्यासारख्या अक्षरात. 'चिंचपाणंदीच्या नळाची नासाडी झाली, त्यास मूळ जबाबदार इसम: यज्ञेश्वर, ओव्हरसियर. सदर इसमाने गतसाली कारण नसता मारलेल्या शेऱ्यामुळे काम अकरा महिने रखडले व त्यातून पुढील सर्व उद्भवले. नळ दुरुस्त केला असून पुन्हा गळणार नाही, याची हमी सदर इसम देत आहे. जोडणी कायम ठेवावी.'

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाव, साहेब. तुम्ही मागितलं होतं."

"वायसर कुणी कापली, ते मी विचारलं होतं."

"त्याचं उत्तर यातच आहे. याहून जास्त मला लिहिता येणार नाही."

साहेब रागावले, टेबलावर हात आपटला, मग पंतांचा चेहरा पाहून त्यांनी अहवाल ठेवून घेतला. पंतांची बढती त्या दिवशी गेली आणि त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात जन्मातला पहिला लाल शेरा पडला. जोडणी मात्र राहिली. खात्यातल्या लोकांना यात मोठी गंमत वाटली आणि पुढं कित्येक दिवस चहाच्या वेळी तोच विषय पुरला.

सांजेला पंत चिंचपाणंदीत आले ते हातात नवं मडकं घेऊन. गंगावेशीच्या कुंभाराकडून आणलेलं, तळाला भोक पाडून घेतलेलं. पिराजीला सगळं त्याच्या बायकोनं सांगितलं होतं. तो बाभळीवर चढला आणि फांदीला दोर बांधून खाली उतरला. केरबा कट्ट्यावर बसून होता.

"रीत न्हाय म्हणत्यात सायेब," बनाबाई चाचरत म्हणाली.

"कुणी विचारलं तर सांग, ओव्हरसियरनं बांधायला लावलं. सरकारी काम आहे."

तिनं नळाखाली कळशी भरली आणि मडक्यात ओतली. सुताची वात ओली झाली, जड झाली, आणि पहिला थेंब गुंड्यावर पडला. पिराजी पाठ फिरवून उभा राहिला.

पंत म्हणाले, "बनाबाई, पाइप माघात आले होते आणि काम थांबलं होतं. का थांबलं, माहीत आहे?"

"न्हाय."

"मी थांबवलं. एका कागदावर एक ओळ लिहून. काही गरज नव्हती. सवयीनं लिहिली."

बनाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. केरबानंही मान वर केली. दुसरा थेंब पडला, मग तिसरा. तिच्या चेहऱ्यावर राग येईल, ती शिव्या देईल, कळशी अंगावर फेकील, अशी पंतांनी वाट पाहिली. तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली, जणू तो माघातला कागद तिला त्यांच्या तोंडावर वाचता येत होता.

पंतांनी विचारलं, "मला पाणी मिळेल?"

तिनं कळशीकडं पाहिलं. एकदा बाभळीकडं पाहिलं. क्षणभर वाटलं, ती वळून निघून जाणार.

"मागितल्यावर न्हाय म्हणायचं न्हाय, येवढंच आता माझ्याकडनं व्हतंय," ती म्हणाली आणि तांब्या भरून आणला.

पंतांनी तांब्या हातात घेतला नाही. ते तिच्यासमोर वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. तिनं वरून धार सोडली, आणि ते पीत असताना ओंजळीतून खाली पाणी सांडू नये म्हणून तिनं धार अगदी बारीक धरली.